एकविसावा गुबडू

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावात दोन जावा राहत होत्या. थोरलीचं नाव अनसूया, धाकटीचं सगुणा. दोघींचे नवरे मागावर कापड विणायचे. सगुणा थोरलीला अक्का म्हणायची, आणि दोघींचं इतकं जमायचं की नवख्या माणसाला त्या सख्ख्या बहिणीच वाटायच्या.

अक्काला गोष्टी रचायचा नाद होता. शेजारचं एक पोर काही केल्या जेवेना, तेव्हा तिने त्याच्यासाठी एक ससा रचला. त्याचं नाव गुबडू. त्याचा एक कान उभा आणि दुसरा कायम पडलेला. हा गुबडू कुठेही निघाला तरी उशिराच पोहोचायचा, कारण अर्ध्या वाटेत त्याला भूक लागायची. ते पोर गोष्ट ऐकता ऐकता दोन भाकऱ्या खाऊन गेलं. दुसऱ्या दिवशी ओसरीवर सात पोरं येऊन बसली.

"अक्का, गुबडू दिसतो कसा?" पोरांनी विचारलं.

अक्का स्वयंपाकघरात गेली आणि तिने रव्या-नारळाचा लाडू वळला. त्याला खोबऱ्याच्या कापांचे दोन कान लावले, एक उभा, एक पडलेला. डोळ्यांच्या जागी दोन मिरे बसवले. पोरं हरखली. पण डोळे खाल्ले तशी सगळ्यांची तोंडं भाजली आणि पाण्याच्या घागरीपाशी झुंबड उडाली. तेव्हापासून अक्का डोळ्यांना मनुका लावायला लागली आणि नाकाला डाळिंबाचा एक दाणा.

एक अडचण मात्र राहिलीच. गुबडू खाल्ला की संपायचा, आणि तो संपला की पोरं रडायची.

"थांबा," सगुणा म्हणाली, "मी तुम्हाला न संपणारा गुबडू देते."

मागावरच्या चिंध्या घरात ढिगाने पडलेल्या असायच्या. सगुणाने त्यांचा ससा बेतला, आत सावरीचा कापूस भरला, काळ्या दोऱ्याने डोळे काढले आणि पडलेल्या कानाला मुद्दाम एक सैल चुणी घातली. तो गुबडू इतका मऊ झाला की पोरं त्याला आळीपाळीने घरी नेऊन झोपायला लागली. मग आणखी एक झाला, मग आणखी चार. बाजारच्या दिवशी खालच्या गावांतल्या बायकाही विचारायला लागल्या, "ते कानपाड्या सशाचं घर कुठलं हो?"

सगुणाच्या हाताला शिस्त होती. तिच्याकडे सहा सुया होत्या. त्या ती एका लाल गादीत टोचून ठेवायची आणि काम आवरताना दर वेळी मोजायची. लहान मुलांच्या हातात जाणारी वस्तू आहे, म्हणून सुया मोजल्याशिवाय तिने कधी डबा बंद केला नव्हता.

एक दिवस घाटाखालच्या गढीवरून निरोप आला. सरदारीणबाईंच्या नातीचा पहिला वाढदिवस होता. गढीवर गावातल्या सगळ्या लेकरांना बोलावलं होतं. त्यांच्यासाठी वीस गुबडू हवे होते आणि एकविसावा नातीसाठी. शिवाय प्रत्येकाच्या हातावर ठेवायला लाडवाचा गुबडूही हवा होता. निरोप्याने जाता जाता सांगितलं, "बाईसाहेब म्हणाल्यात, काम मनासारखं झालं तर गढीची मागची पडवी तुम्हाला शिवणासाठी देऊ. गावच्या पोरींना शिकवा तिथे."

दोघी जावांना आनंद कुठे ठेवू असं झालं. त्यांच्या घरात उजेड कमी आणि जागा त्याहून कमी. एकीला कापड पसरायचं तर दुसरीला परात उचलावी लागायची. मोठी, उजेडाची पडवी मिळणार म्हणजे काय!

पंधरा दिवस दोघी हात न थांबवता राबल्या. वाढदिवसाच्या सकाळी शेवटच्या चार-पाच गुबडूंची पोटं शिवायची राहिली होती, आणि चुलीवर लाडवांचा पाक होता. सगुणा सुईत दोरा ओवून एका गुबडूचं पोट शिवायला घेणार, तोच आतून अक्काची हाक आली, "सगुणे, धाव गं! पाक उतू चाललाय आणि माझे दोन्ही हात रव्यात आहेत!" सगुणा हातातलं तसंच टाकून धावली. पाक उतरवला, चूल सारखी केली आणि परत येऊन कामाला बसली.

थोड्या वेळाने गढीची बैलगाडी आली. गाडीवानाने एकवीस गुबडूंची करंडी नेली. लाडू अजून ओले होते, ते आवळून आले की दोघी डोक्यावर घेऊन मागून पायीच येणार होत्या.

अक्का लाडवांना नाकं लावत बसली. सगुणाने पसारा आवरला आणि सवयीने सुया मोजल्या.

पाच.

तिने पुन्हा मोजल्या. पाचच. चटई झटकली, चिंध्या एकेक करून चाळल्या, दोऱ्यांचा डबा उपडा केला, स्वतःचं लुगडंसुद्धा झटकून पाहिलं. सहावी सुई नव्हती.

आणि मग तिला आठवलं. अक्काची हाक आली तेव्हा हातातली सुई तिने गादीत टोचली नव्हती. घाईघाईत ती समोरच्या गुबडूच्या उघड्या पोटातल्या कापसात खोवली होती. परत आल्यावर तिने गादीतली दुसरी सुई घेतली आणि पोटं शिवून टाकली. कुठल्या गुबडूत खोवली, ते मात्र आठवेना. सगळे गुबडू सारखेच.

"अक्का," ती म्हणाली, "एका गुबडूच्या पोटात सुई गेलीय."

अक्काच्या हातातला डाळिंबाचा दाणा खाली पडला.

दोघींनी लाडवांची टोपली उचलली आणि घाट उतरायला सुरुवात केली. सगुणा जवळजवळ पळतच होती. तिच्या डोळ्यांपुढे गढीवरची ती वर्षाची मुलगी येत होती. त्या वयाचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं.

मध्यावर धाप लागली तेव्हा अक्का म्हणाली, "हे बघ, सुई राहिली असं सांगायला जाऊ नकोस. पडवी तर जाईलच, पण यापुढे आपल्या हातचं खेळणं कोणी घरात घेणार नाही. आपण सांगू, कानाचे टाके सैल राहिलेत, घट्ट करून देतो. सगळे गुबडू आपोआप हातात येतील. सुई काढू, शिवून परत देऊ. कुणाला काही कळायचं नाही."

सगुणालाही ते पटल्यासारखं झालं. सुई सापडली की झालं, सांगायची गरज काय? तिने मान हलवली आणि पुन्हा पळायला लागली.

गढीवर पोहोचल्या तर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोरांना दम निघाला नव्हता, म्हणून गुबडू आधीच वाटले होते. अंगणभर पोरं गुबडूंना घेऊन नाचत होती. कोणी त्याला झोका देत होतं, कोणी त्याला वर फेकून झेलत होतं. सदरेवर सरदारीणबाई बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून, आणि सुनेच्या मांडीवर नात. नातीने गुबडूचा पडलेला कान तोंडात धरला होता.

अक्का पुढे झाली आणि हसून म्हणाली, "सूनबाई, जरा तो गुबडू देता का? घाईत कानाचे टाके सैल राहिलेत. सगळेच घट्ट करून देते."

सून हसली. "राहू द्या हो! एवढ्यासाठी घाट उतरून पळत आलात? आमच्याकडची बाई घालेल टाका. आणि आता हिच्या हातून काढून घेतला तर ही गढी डोक्यावर घेईल. बघा ना, कशी चावतेय!"

शेजारच्या आणखी एका आईने मान डोलावली. "आमच्याही पोराचं असू द्या. टाका काय, मीच घालीन उद्या."

अक्काने सगुणाकडे पाहिलं.

सगुणा त्या लेकराच्या तोंडातल्या कानाकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं की सैल टाक्यासाठी कोणीही आपल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढून घेणार नाही. आपण अर्धंच सांगितलं, म्हणून ऐकणाऱ्यांनाही ते अर्धंच महत्त्वाचं वाटतंय.

ती सदरेच्या पायरीवर चढली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "थांबा! टाके सैल नाहीत. माझ्या हातून एका गुबडूच्या पोटात सुई राहिलीय. कुठल्या, ते मला माहीत नाही. सगळ्यांनी आपापल्या मुलांच्या हातातले गुबडू काढून घ्या. दाबू नका, नुसते उचला."

एकच गलका झाला. सूनबाईने लेकीच्या तोंडातून कान ओढून काढला आणि तिला छातीशी धरलं. लेकरू किंचाळलं. आया धावल्या, पोरं रडायला लागली. वाढदिवसाच्या अंगणात रडारड झाली.

सरदारीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्या रागाने कडाडल्या, "वर्षाचं लेकरू आहे ते! काय झालं असतं, कळतंय का तुला?"

"कळतंय, बाईसाहेब. म्हणूनच पळत आले," सगुणा म्हणाली. "काय बोलायचं ते नंतर बोला. मी कुठे जात नाही. आधी सगळे गुबडू माझ्यापुढे आणून ठेवा आणि मला एक कात्री द्या."

बाईसाहेबांनी एकदा तिच्याकडे रोखून पाहिलं आणि दासीला कात्री आणायची खूण केली.

सगुणा अंगणात चादर पसरून बसली. सर्वांत आधी तिने नातीचा गुबडू घेतला. शिवण उसवली, कापूस चिमटीचिमटीने काढून चादरीवर पसरला, कान आणि पाय बोटांनी चाचपले. सुई नव्हती. सूनबाईने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला.

मग दुसरा गुबडू, तिसरा, दहावा. अक्का शेजारी बसून कापूस विंचरत होती. पंधरावा झाला, अठरावा झाला. विसावा उसवला. त्यातही सुई नव्हती.

सगुणाने पुढच्यासाठी हात पुढे केला. न उसवलेला एकही गुबडू चादरीवर उरला नव्हता.

"वीसच झाले," ती म्हणाली. "एक कुठाय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात गर्दीतून एक बाई घाबरून ओरडली, "माझी राही कुठाय? आत्ता तर इथेच होती!"

राही पाच वर्षांची, गढीला मडकी पुरवणाऱ्या कुंभाराची लेक. सशांची पोटं उसवलेली तिने पाहिली होती आणि ती आपला गुबडू घेऊन पळाली होती. सुई असणार तर त्याच गुबडूत, आणि पोरीने तो उराशी घट्ट धरलेला असणार.

माणसं चारी बाजूंना पांगली. कोणी गोठ्यात पाहिलं, कोणी कोठारात. आडापाशी जाऊन राहीच्या आईने हाका मारल्या. शेवटी अक्काला सोडलेल्या बैलगाडीखाली, चाकाच्या आड, परकराचं एक टोक दिसलं. तिने नुसतं बोट केलं.

राहीची आई पुढे झेपावणार, तोच सगुणाने तिला हाताने थांबवलं. "ओढू नका. घाबरून ती आणखी घट्ट धरेल."

सगुणा जमिनीवर पालथी झाली आणि सरपटत गाडीखाली गेली. राही गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. गुबडू तिच्या हनुवटीखाली होता.

"राही, त्याला जरा सैल धर हं बाळ."

"तुम्ही त्याचं पोट फाडणार."

"फाडणार नाही. मी जिथे शिवलंय तिथेच उसवणार. आणि पुन्हा शिवणार."

"त्याला दुखेल."

नाही दुखणार, असं सगुणाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती थांबली. "त्याला दुखतं की नाही, मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण माझी सुई त्याच्या पोटात असली, तर तुला नक्की दुखेल. चूक माझी आहे. त्याची नाही आणि तुझीही नाही."

राहीने थोडा वेळ विचार केला. "बाईसाहेब तुम्हाला रागावल्या ना?"

"हो. खूप."

"मग तुम्ही रडलात?"

"अजून नाही. आधी सुई सापडू दे."

राहीने हळूच गुबडू मांडीवर ठेवला. "मी त्याचा कान धरते," ती म्हणाली. "तो घाबरेल ना! तुम्ही उसवा."

मग गाडीखालीच, धुळीत कोपरं टेकून, सगुणाने शिवण उसवली. राही गुबडूचा पडलेला कान धरून त्याला समजावत होती, "झालं हं, झालं हं." गाडीभोवती सगळी गढी वाकून उभी होती. सगुणाने कापसाचा एक पुंजका काढला. दुसरा काढला. तिसऱ्या पुंजक्याबरोबर निळा दोरा बाहेर आला, आणि दोऱ्यामागून सुई.

"सापडली!"

सगुणा म्हणाली आणि तशीच धुळीत डोकं टेकून पडून राहिली. बाहेर कोणी देवाला हात जोडले, कोणी मटकन खाली बसलं. राहीच्या आईने तिला गाडीखालून उचलून घेतलं आणि तिचे हात, गळा, छाती, सगळं तपासलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"आई," राही म्हणाली, "गुबडूने सुई घट्ट धरून ठेवली होती. कुणाला टोचू नाही दिली."

हे ऐकून पहिल्यांदा हसल्या त्या सरदारीणबाई. मग सगळेच हसले, डोळे पुसत पुसत हसले.

सगुणा गाडीखालून बाहेर आली. तिचं लुगडं मातीने भरलं होतं. ती बाईसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "आता बोला, काय बोलायचं ते."

बाईसाहेब म्हणाल्या, "मघाशी पुष्कळ बोलायचं मनात होतं. आता त्यातलं काही उरलं नाही. तू गप्प बसली असतीस, तर आज इथून सगळे खुशीत घरी गेले असते. आणि उद्या-परवा कुणाचं तरी लेकरू..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी दासीला हाक मारली, "पाणी आण गं हिला. गूळ पण आण."

पाण्याचा तांब्या हातात आला आणि सगुणाला रडू फुटलं.

तिकडे अक्काने टोपलीवरचं फडकं काढलं. पळापळीत निम्म्या लाडवांची नाकं गळाली होती आणि काहींचे दोन्ही कान पडले होते, पण पोरांनी तक्रार केली नाही. सगुणाने त्याच सुईने गुबडूंची पोटं शिवायला घेतली. जिचा गुबडू शिवून होई, ती आई शेजारी बसून पुढच्याचा कापूस भरी. नातीचा गुबडू परत मिळाला तेव्हा तिने दुसरा कान तोंडात घातला. दुपार टळली तेव्हा एकवीसही गुबडू पोरांच्या हातात होते, आणि मोठ्या माणसांचीही लाडू खाऊन तोंडं गोड झाली होती.

घाट चढताना दोघी जावा सावकाश चालत होत्या. घाई कसलीच उरली नव्हती. एका वळणावर अक्का थांबली. "सगुणे, टाक्यांचं खोटं मी सुचवलं. आल्या आल्या खरं सांगितलं असतं तर तेवढा वेळ वाचला असता."

"मी कुठे वेगळं सांगितलं, अक्का? मीही मान हलवलीच की," सगुणा म्हणाली. "बसा जरा."

दोघी तिथेच एका दगडावर टेकल्या. खाली गढीच्या अंगणात पोरांचा दंगा चालला होता, तो वरपर्यंत ऐकू येत होता. कुणाच्याही रडण्याचा आवाज त्यात नव्हता. दोघींनी तो बराच वेळ ऐकला.

पडवीबद्दल बाईसाहेब त्या दिवशी काहीच बोलल्या नव्हत्या, आणि विचारायचं दोघींच्या मनातही आलं नाही. पण आठ दिवसांनी गढीची सून स्वतः घाट चढून आली. लेक कडेवर आणि मागे राहीची आई.

"सासूबाईंनी पडवी झाडून घेतलीय," ती म्हणाली. "पण पहिली शिकायला मी येणार. आमच्या मुलांच्या हातात काय जातं, ते आम्हालाही उसवून बघता आलं पाहिजे."

"या की," सगुणा म्हणाली. "पण मी आधी शिवायला शिकवत नाही."

"मग?"

"आधी सुया मोजायला शिकवते."

सून हसली आणि चटईवर लेकीला घेऊन बसली.

तात्पर्य: आपल्या चुकीने दुसऱ्याला इजा होणार असेल, तर ती ताबडतोब आणि पुरती सांगावी. अर्धं सांगितलं तर धोका तिथेच राहतो. पूर्ण सांगितलं तर तो दूर करायला सगळे हात पुढे येतात.